एडिंबरोची उन्हाळी सफर : आंखणी कशी करावी

विलायतेस एकदां जावयाचें, तर लंडनखेरीज दुसरें कोणतें शहर पाहावें, असा प्रश्न पालकांकडून आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. आमचें उत्तर ठरलेलें आहे : एडिंबरो. स्कॉटलंडची ही राजधानी फार मोठी नाहीं. तिची वस्ती सुमारें ५ लाख, म्हणजे आपल्या नाशिकाहूनहि पुष्कळ कमी. परंतु तेवढ्या जागेंत किल्ला आहे, राजवाडा आहे, निवालेला ज्वालामुखी आहे, आणि आगगाडीनें अर्ध्या तासाच्या वाटेवर समुद्रपक्ष्यांनीं पांढरें झालेलें बेट आहे. शिवाय मुंबई व नागपूर येथील ज्या मिशन शाळांत व कॉलेजांत आपल्या कित्येक पिढ्या शिकल्या, त्यांतील कांहींचें मूळ याच शहरांत व त्याच्या आसपासच्या खेड्यांत सांपडतें.

आतां हेंहि सांगितलें पाहिजे कीं, आपल्यांपैकीं बहुतेकांच्या घरांत असा प्रवास एकदांच घडतो. वर्षानुवर्षें पोटाला चिमटा घेऊन सांठविलेली पुंजी त्यांत जाते, आणि आंखणींत चूक झाली तर ती पुढच्या सुटींत दुरुस्त करूं, असें म्हणण्याची सोय नसते. अशी चूक आम्हीं स्वतः केली आहे. एका आप्ताच्या सोयीकरितां आम्हीं ऑगस्ट महिना निवडला, आणि विमानाचीं तिकिटें काढून झाल्यावर मुक्कामाची जागा पाहावयास लागलों. त्या महिन्यांत शहरांत जागा मिळणें किती दुर्घट असतें हें आम्हांस ठाऊक नव्हतें. शेवटीं फोर्थच्या खाडीपलीकडे एका लहान गांवीं दोन खोल्या मिळाल्या, त्याहि आमच्या अंदाजाच्या दुप्पट भाड्यानें. रोज सकाळीं आगगाडीनें यावें व सायंकाळीं परत जावें, असा क्रम सुरू झाला. बरोबर आमच्या मातोश्री होत्या. त्यांचें वय तेव्हां सत्तरीच्या पुढें होतें, आणि जाण्यायेण्यांतच त्या थकून जात. किल्ला वर जाऊन पाहावा अशी त्यांची फार इच्छा होती. तो त्यांनीं खालच्या बागेंतील बांकावर बसूनच पाहिला. तो योग त्यांस पुन्हां आला नाहीं. म्हणून या लेखांत प्रेक्षणीय स्थळांइतकाच तारखांचा व मुक्कामाचा विचार आम्ही करणार आहों.

ऑगस्टांत असें काय असतें? १९४७ सालीं, महायुद्धाच्या जखमा ताज्या असतांना, या शहरानें संगीत व नाट्य यांचा एक आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. त्याच वर्षीं आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसतांना आपण होऊन आल्या, व मिळेल त्या जागीं त्यांनीं आपले खेळ केले. या आगंतुकांची पुढें एवढी भरभराट झाली कीं, 'फ्रिंज' या नांवानें चालणारा त्यांचा उत्सव आज मूळ महोत्सवाहून कितीतरी पटींनीं मोठा झाला आहे. किल्ल्यापुढील पटांगणांत लष्करी वाद्यांचा 'टॅटू' होतो, तोहि याच महिन्यांत. नाटकाचा ज्यास खरा नाद आहे त्यानें ऑगस्टांत अवश्य जावें, मात्र जागा सहा महिने आधीं धरून ठेवावी. मुलांना व वृद्धांना घेऊन शहर पाहावयास जाणाऱ्यानें तो महिना टाळावा, हें आमचें स्पष्ट मत आहे.

सुदैवानें आपल्याकडील सुटी या कामीं अनुकूल आहे. आपल्या शाळा साधारणपणें जूनच्या मध्यास उघडतात. स्कॉटलंडमधील शाळांना उन्हाळ्याची सुटी लागते ती जूनच्या अखेरीस. म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा व जूनचे पहिले दहा दिवस आपलीं मुलें मोकळीं असतात आणि तेथील मुलें अद्याप वर्गांत असतात. गर्दी कमी, भाडें कमी, आणि दिवस मोठा, असा तिहेरी लाभ या पंधरवड्यांत होतो. एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, मेच्या उत्तरार्धांत चर्च ऑफ स्कॉटलंडची जनरल असेंब्ली शहरांत भरते. त्या आठवड्यांत पोहोंचणार असल्यास जागेची चौकशी जरा लवकर करावी.

दिवस मोठा म्हणजे किती मोठा, हें मुलांनीं समजून घेण्यासारखें आहे. एडिंबरो ५६ उत्तर अक्षांशाजवळ आहे, मुंबई १९ अक्षांशावर. पृथ्वीचा आंस साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें जूनमध्यें उत्तरेकडील बाजू सूर्याकडे झुकलेली असते, आणि जसजसें उत्तरेस जावें तसतसा दिवस लांबत जातो. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा. एडिंबरोचा साडेसतरा तासांचा. तेथें जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत सूर्य रात्रीं दहा वाजतां मावळतो, आणि त्यानंतरहि उत्तरेच्या क्षितिजावर उजेड रेंगाळत राहतो. भूगोलाच्या पुस्तकांतील जी आकृति मुलें घोकतात ती येथें डोळ्यांनीं दिसते. आईबापांनीं मात्र घड्याळ पाहून पडदे ओढावे व मुलांना निजवावें. उजेड आहे तोंवर तीं आपण होऊन निजत नाहींत. शिवाय उन्हाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या साडेचार तास मागें असतें, त्यामुळें पहिले दोन दिवस तींच मुलें पहांटे तीन वाजतां उठून न्याहारी मागतात, हा अनुभव निराळाच.

'उन्हाळा' या शब्दानें फसूं नये. जूनमध्यें भर दुपारीं उष्णमान १७ अंशांच्या आसपास असतें. म्हणजे आपल्याकडे ज्यास थंडीची सकाळ म्हणतात ती तेथें दुपार असते. वर्षाचा एकंदर पाऊस पाहिला तर तो पुण्याच्या पावसाहून फारसा निराळा नाहीं, परंतु पुण्याचा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि एडिंबरोचा बारा महिने थोडथोडा पडत राहतो. वारा इतका कीं छत्री उलटी होते, म्हणून टोपीचा रेनकोट न्यावा. आणखी एक गम्मत म्हणजे तेथील 'हार'. हा फुलांचा नव्हे. उन्हाळ्यांत उत्तर समुद्रावरून जें गार धुकें शहरावर चालून येतें त्यास तेथील लोक हें नांव देतात. सकाळीं स्वच्छ ऊन असावें आणि तासाभरांत समोरचा किल्ला दिसेनासा व्हावा, असें घडतें. अशा दिवसाकरितां एखादें वस्तुसंग्रहालय राखून ठेवावें. चेंबर्स स्ट्रीटवरील राष्ट्रीय संग्रहालयास प्रवेश फी नाहीं, आणि जगप्रसिद्ध 'डॉली' मेंढी तेथें पेंढा भरून ठेविली आहे. प्रौढ प्राण्याच्या शरीरांतील एका पेशीपासून घडविलेला हा पहिला सस्तन प्राणी एडिंबरोजवळच्या रॉझलिन येथें १९९६ सालीं जन्मास आला.

व्हिसाचें प्रकरण थोडक्यांत सांगतों. युरोपांतील शेंगेन देशांचा व्हिसा एडिंबरोस चालत नाहीं; युनायटेड किंग्डमचा निराळा घ्यावा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधींपासून अर्ज करतां येतो, आणि नंतर केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. मुलाबरोबर आईबापांपैकीं एकच जण जात असेल तर दुसऱ्याचें संमतिपत्र जवळ ठेवावें. येथें एका गोष्टीची सूचना देणें आम्ही कर्तव्य समजतों. बँकेंत पुरेशी शिल्लक दिसावी म्हणून कोणाकडून चार दिवसांपुरती रक्कम आणून खात्यांत भरावी, अथवा खोटीं पत्रें जोडावीं, असा सल्ला देणारे दलाल आपल्याकडे आहेत. त्यांचें ऐकूं नये. खोटेपणा उघडकीस आला तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय दहा वर्षेंपर्यंत प्रवेशबंदी होऊं शकते, आणि उद्यां आपला मुलगा वा मुलगी तेथें शिकावयास जाऊं म्हणेल तेव्हांहि जुन्या अर्जांची चौकशी होते. खरें उत्पन्न, खरी शिल्लक, रजेचा दाखला व शाळेचें पत्र, एवढ्यानें काम होत असेल तर जावें. होत नसेल तर आणखी वर्षभर थांबावें.

मुक्कामासाठीं हॉटेलच पाहिजे असें नाहीं. विद्यापीठाचीं वसतिगृहें उन्हाळ्यांत विद्यार्थी गेल्यावर प्रवाशांस भाड्यानें देतात. त्यांपैकीं 'पोलक हॉल्स' हें तर आर्थर्स सीट टेंकडीच्या पायथ्याशींच आहे. स्वयंपाकघरासह मिळणारी जागा असेल तर शाकाहारी कुटुंबाची मोठीच सोय होते, कारण तांदूळ, डाळ व मसाले शहरांत सहज मिळतात. येथून नेणाऱ्यांनीं मात्र जपावें. दूध व दुधाचे पदार्थ हिंदुस्थानांतून त्या देशांत नेण्यास मनाई आहे. आजीनें प्रेमानें बांधून दिलेले पेढे व तुपाची बरणी विमानतळावरच टाकून द्यावी लागेल. त्यापेक्षां तीं घरींच खाऊन निघावें.

आतां शहराकडे वळूं. एडिंबरो समजून घ्यावयाचें तर प्रथम तेथील खडक समजून घ्यावा. किल्ला ज्या कड्यावर उभा आहे तो एका प्राचीन ज्वालामुखीच्या नळींत थिजलेला काळा पाषाण आहे, आणि त्याचें वय सुमारें ३४ कोटि वर्षें आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणहि लाव्हारसापासूनच झालेला, परंतु तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. म्हणजे एडिंबरोच्या मानानें आपला रायगड अगदीं तरुण म्हणावयाचा. पुढें हिमयुगांत पश्चिमेकडून बर्फाचा प्रचंड लोट सरकत आला. कठीण पाषाण त्यास हटेना, म्हणून बर्फ दोन्ही बाजूंनीं वळून गेला व खडकाच्या आडोशास पूर्वेकडे उतरत्या शेपटीसारखी माती व मऊ दगड शिल्लक राहिले. याच शेपटीवर जुनें शहर वसलें, आणि तिच्या पाठीवरून किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत जो सुमारें मैलभराचा रस्ता उतरत जातो तोच 'रॉयल माइल'. गडाचे डोंगर ज्यांनीं पाहिले आहेत अशा मराठी मुलांस आणखी एक गोष्ट चटकन पटेल. अशा घट्ट पाषाणांत पाणी मुरत नाहीं, म्हणून वेढ्याच्या वेळीं पाण्याचे हाल होतात. १५७३ सालच्या वेढ्यांत किल्ल्यांतील विहीर निकामी झाली आणि शिबंदीस शरण जावें लागलें. आपल्या गडांवर जागोजाग खोदलेलीं टांकीं पाहून हंसणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

याच खडकांनीं जेम्स हटन यास विचार करावयास लाविलें. तो १७२६ सालीं याच शहरांत जन्मला. आर्थर्स सीटजवळच्या सॅलिसबरी कड्यांत त्यानें पाहिलें कीं, गाळाचे थर फोडून व वांकवून मधें दुसराच पाषाण शिरला आहे. अर्थात् तो कधीं काळीं वितळलेल्या स्थितींत खालून वर आला असला पाहिजे. पुढें १७८८ सालीं, पूर्वेकडील सिकार पॉइंट येथें, उभ्या थरांवर आडवे थर बसलेले त्यानें दाखविले. एक थर समुद्राच्या तळाशीं सांचावा, त्याचा दगड व्हावा, तो उचलला जाऊन उभा व्हावा, झिजावा, आणि मग त्यावर दुसरा गाळ सांचावा, यास किती काळ लागला असेल? पृथ्वीचें वय कांहीं हजार वर्षें मानणाऱ्या काळांत हा प्रश्न विचारणें धैर्याचें होतें. हटन हा श्रद्धाळू मनुष्य होता, व या रचनेंत त्यास ईश्वरी योजनाच दिसत होती. आर्थर्स सीटची उंची २५१ मीटर आहे. पायांत चांगले बूट असल्यास दहा वर्षांचें मूलहि ती चढून जातें. कड्याच्या पायथ्याची 'रॅडिकल रोड' नांवाची वाट मात्र दगड कोसळूं लागल्यामुळें २०१८ सालीं बंद करण्यांत आली होती. तिकडे जाण्यापूर्वीं चौकशी करावी.

किल्ल्याचें तिकीट आधींच ठराविक वेळेचें काढून ठेवावें, व सकाळची पहिली वेळ घ्यावी. वाट चढाची व फरसबंदीची आहे. ज्यांस चालवत नाहीं त्यांना वर नेण्यासाठीं लहान वाहनाची सोय तेथें असते. आम्हांस हें मागाहून कळलें. किल्ल्यावर १८६१ सालापासून दुपारीं एक वाजतां तोफ उडते, ती लीथच्या बंदरांतील जहाजांना घड्याळें लावतां यावींत म्हणून सुरू झाली. बारा वाजतां उडविली तर बारा बार करावे लागतील, म्हणून काटकसरी स्कॉच लोकांनीं एकची वेळ निवडली, असा विनोद तेथेंच ऐकूं येतो. रविवारीं तोफ उडत नाहीं.

जुनें शहर अरुंद पाठीवर वसलेलें, त्यास भोंवतीं तट. तेव्हां वाढावें कसें? तें वर वाढलें. सतराव्या शतकांतच तेथें दहा-दहा मजल्यांच्या चाळी उभ्या होत्या, व त्यांच्यामधून 'क्लोज' नांवाचे अंधारे बोळ दोन्ही उतारांवर गेले होते. श्रीमंत व गरीब एकाच जिन्यानें चढत. नंतर १७६७ सालीं जेम्स क्रेग या तरुण शिल्पकाराचा आराखडा मंजूर होऊन दरीपलीकडे सरळ रस्त्यांचें 'नवें शहर' उभें राहूं लागलें, आणि ज्यांस परवडलें ते तिकडे निघून गेले. जुन्या शहरांत गरीब तेवढे उरले. त्या पडक्या चाळींपैकीं एका चाळींत १८८६ सालीं पॅट्रिक गेडिस नांवाचे एक अध्यापक आपल्या पत्नीसह मुद्दाम राहावयास आले. चाळी पाडून टाकण्याऐवजीं त्या स्वच्छ कराव्या, मधें बागा कराव्या, आणि रहिवाशांनाच त्या कामांत घ्यावें, हा त्यांचा मार्ग होता. हेच गेडिस पुढें हिंदुस्थानांत आले, व १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. किल्ल्याजवळचा त्यांचा 'आउटलुक टॉवर' आजहि पाहावयास मिळतो. त्याच्या माथ्यावर एक आरसा व भिंग बसविलें असून खालच्या अंधाऱ्या खोलींतील पांढऱ्या मेजावर साऱ्या शहराचें हलतें चित्र उमटतें. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं तें चुकवूं नये.

आमच्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचीं अशीं दोन स्थळें जवळजवळ आहेत. नव्या शहरांतील जॉर्ज स्ट्रीटवरील सेंट अँड्र्यूज चर्चमध्यें १८ मे १८४३ रोजीं जनरल असेंब्ली भरली असतां, चर्चच्या कारभारांत जमीनदारांचा व सरकारचा हात नको या मुद्द्यावर अनेक पाळक उठून बाहेर पडले व उतारावरील टॅनफील्ड हॉलपर्यंत चालत गेले. एकंदर साडेचारशेंहून अधिक पाळकांनीं आपलें वेतन, घर व चर्च यांवर पाणी सोडलें. त्यांचें 'फ्री चर्च' झालें. मुंबईंतील स्कॉच मिशनऱ्यांनीं त्यांचाच पक्ष घेतला, आणि त्यांसहि शाळेची इमारत सोडून नव्यानें मांडामांड करावी लागली. एका शहरांतील रस्त्यावरून कांहीं माणसें चालत गेलीं, आणि त्यामुळें चार हजार मैलांवरच्या मराठी मुलांची शाळा दुसऱ्या घरांत गेली. दुसरें स्थळ म्हणजे 'माउंड'वरील असेंब्ली हॉल. येथें १९१० च्या जूनमध्यें जगांतील मिशनरी संस्थांची परिषद भरली. सुमारें बाराशें प्रतिनिधींत आशियांतील माणसें अगदीं मूठभर होतीं. त्यांपैकीं दक्षिण हिंदुस्थानचे व्ही. एस. अझरया यांनीं भर सभेंत सांगितलें कीं, तुम्हीं आम्हांस पुष्कळ दिलें, पण बरोबरीची मैत्री दिली नाहीं, ती द्या. कित्येकांस तें झोंबलें. दोनच वर्षांनीं ते अँग्लिकन चर्चचे पहिले हिंदी बिशप झाले.

शहराबाहेरच्या प्रवासाचा आमचा नियम असा कीं, एक दिवस शहरांत चालावें व एक दिवस आगगाडींत बसावें. पाय व डोके दोन्हींस विसांवा मिळतो. पहिली फेरी फोर्थच्या पुलाची. वेव्हर्ली स्टेशनावरून गाडी वीस मिनिटांत पुलावर येते. १८७९ सालच्या डिसेंबरांत उत्तरेकडील टे नदीवरचा पूल वादळांत कोसळला, व त्यावरील आगगाडींतील एकहि उतारू वांचला नाहीं. तो पूल बांधणाऱ्या इंजिनीयराकडेच फोर्थच्या पुलाचें काम होतें. तें काढून घेण्यांत आलें. नंतर जॉन फाउलर व बेंजामिन बेकर यांनीं नवी रचना केली, व १८९० सालीं पूल खुला झाला. त्याचें तत्त्व लोकांस समजावें म्हणून बेकरनें एक युक्ति केली. दोन माणसें खुर्च्यांवर बसविलीं. त्यांनीं दोन्ही हात पसरून काठ्या धरल्या, व काठ्यांचीं दुसरीं टोंकें खुर्चीच्या बुडाशीं टेंकविलीं. बाहेरच्या दोन हातांस विटांचें ओझें बांधलें. आंतल्या दोन हातांच्या मधें एक फळी टांगून तिच्यावर तिसरा माणूस बसविला. हात ताणले जातात, काठ्या दाबल्या जातात, आणि मधला माणूस अधांतरीं सुखानें बसतो. तो मधला माणूस कैची वातानाबे नांवाचा जपानी तरुण इंजिनीयर होता. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग वर्गांत करून पाहावा. खुर्च्या मात्र भक्कम घ्याव्या. पुलास सुमारें ५३,००० टन पोलाद लागलें, आणि कमींत कमी ७३ कामकरी बांधकामांत मरण पावले. त्यांचीं स्मारकें खाडीच्या दोन्ही तीरांवर आहेत. गाडी पुलावरून जाते तेव्हां पूल दिसत नाहीं, म्हणून नॉर्थ क्वीन्सफेरीस उतरून पाण्याच्या कांठापर्यंत खालीं चालत जावें.

दुसरी फेरी दक्षिणेची. लॉडर हें लहानसें गांव एडिंबरोपासून बसनें सुमारें तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या घरांत १८०४ सालीं जॉन विल्सन जन्मले. ते १८२९ सालीं पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईस आले, मराठी शिकले, १८३२ सालीं त्यांनीं काढलेल्या शाळेचें पुढें विल्सन कॉलेज झालें. मार्गारेटबाईंनीं मुलींच्या शाळा काढल्या व त्या १८३५ सालीं मुंबईंतच वारल्या. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजास ज्यांचें नांव आहे ते स्टीफन हिस्लॉप याच भागांतील डन्स गांवचे. ते मिशनरी व भूगर्भशास्त्रज्ञ दोन्ही होते, व १८६३ सालीं नागपूरच्या परिसरांत पुराच्या पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला. लॉडर येथें भव्य असें कांहीं पाहावयाचें नाहीं. एक रुंद रस्ता, चर्च, भोंवतीं मेंढ्यांचीं कुरणें. परंतु येथून निघालेला मनुष्य परत न येण्याच्या तयारीनें समुद्रावर चढला, हें त्या रस्त्यावर उभें राहिल्यावर जितकें कळतें तितकें पुस्तकांत कळत नाहीं. ज्यास हें नको असेल त्यानें २०१५ सालीं पुन्हां सुरू झालेल्या रेल्वेनें ट्वीडबँकपर्यंत जाऊन मेलरोजचा भग्न मठ व सर वॉल्टर स्कॉट यांचें ॲबट्सफर्ड हें घर पाहावें.

तिसरी फेरी नॉर्थ बेरिकची, अर्ध्या तासाची. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर 'बास रॉक' हा खडक समुद्रांतून सरळ वर आला आहे. तोहि जुन्या ज्वालामुखीचाच. उन्हाळ्यांत तो दुरून पांढरा दिसतो, आणि ती पांढराई म्हणजे गॅनेट पक्षी व त्यांची विष्ठा. या पक्ष्याच्या शास्त्रीय नांवांतहि 'बास' आहे. जगांतील सर्वांत मोठ्या गॅनेट-वसाहतींत याची गणना होते. २०२२ सालीं पक्ष्यांच्या साथीनें तेथें हाहाकार केला व संख्या बरीच घटली. मे-जूनांत होडी खडकाभोंवतीं नेतात, पण वारा असेल तर निघत नाहींत. म्हणून ही फेरी शेवटच्या दिवसावर ठेवूं नये.

शेवटीं क्रॅमंड बेटाविषयीं. शहराच्या कडेस, बसनें जाण्यासारखें, हें बेट ओहोटीच्या वेळीं चालत गांठतां येतें. वाटेच्या कडेनें महायुद्धांत उभारलेल्या काँक्रीटच्या सुळक्यांची रांग आहे. ओहोटीच्या आधीं व नंतर दोन-दोन तास वाट उघडी असते. वेळापत्रक तेथें फलकावर लाविलेलें असतें. आम्ही तें वाचूनच निघालों होतों. पण बेटावर मुलें शंख गोळा करण्यांत रमलीं, पांच मिनिटें, आणखी पांच मिनिटें, असें म्हणतां म्हणतां उशीर झाला, आणि परत येतांना वाटेच्या मध्यावर पाणी बुटांवरून आलें. तेथें भरती समोरून लाटांनीं येत नाहीं. ती दोन्ही बाजूंनीं गुपचूप चढते. लहान मुलीस खांद्यावर घेऊन आम्ही धांवतच कांठ गांठला. दरवर्षीं कित्येकांस लाइफबोटीनें सोडवून आणावें लागतें. कोंकणांतील खाडीकांठच्या वाचकांस हें सांगावयास नको. देशावरच्यांनीं मात्र परतीची वेळ हातावर लिहून घ्यावी, आणि बेटावरच उशीर झालाच तर पाण्यांत न उतरतां तेथेंच थांबून मदत मागवावी.

निघण्यापूर्वींची एक बारीक गोष्ट राहिली. स्कॉटलंडमधील तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात. १८२६ सालीं सरकार लहान रकमेच्या नोटा बंद करूं पाहत होतें, तेव्हां स्कॉट यांनीं टोपणनांवानें पत्रें लिहून त्या वांचविल्या. म्हणून बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर त्यांचें चित्र असतें, आणि वीस पौंडांच्या नोटेच्या पाठीवर फोर्थचा पूल. नोटा खऱ्या आहेत, परंतु लंडनचे दुकानदार कुरकुरतात व आपल्याकडील पैसे बदलून देणारे बहुधा घेत नाहींत. तेव्हां त्या एडिंबरोंतच खर्चाव्या. एखादी पांचाची नोट मुलाच्या वहींत ठेवावयास हरकत नाहीं.